मन खाते, असे लिहिता येईना

अर्जदार : प्रस्तुत लेखक, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्ज व विनंत्या लिहिणे, राहणार कोल्हापूर.

सामनेवाले : (१) एक विवाहित बाई, सासर कोल्हापूर शहर, माहेर गडहिंग्लजच्या बाजूचे एक खेडे. (२) तिचा सख्खा धाकटा भाऊ, धंदा शेती, राहणार सदर खेडे.

घटनेचा काळ : नव्वदचे दशक सरत आले होते त्या वेळची एक लग्नसराई.

घटनेचे ठिकाण : कचेरीच्या कंपाउंडाबाहेर, झाडाखालचे माझे टेबल. नंतर एक मंगल कार्यालय.

साक्षीदार : (१) शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट, आता हयात नाही. (२) मी स्वतः, आणि माझ्या साक्षीवर माझाही पुरता भरवसा नाही.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्या कागदावर नाव येते तो कागद कधी ना कधी कोणाच्या तरी विरुद्ध बाहेर निघतो, हे मी या धंद्यात शिकलो आहे. सबब निवेदन नावांवाचून करीत आहे.

माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि पदवीधर मंडळी माझ्या टेबलापुढे उन्हात ताटकळत उभी राहिलेली मी पाहिली आहेत, कारण अर्ज लिहिण्याची विद्या कॉलेजात शिकवीत नाहीत. लोक मला 'रायटर' म्हणत. रेशनकार्डातल्या नावाची दुरुस्ती, बांधावरचे तंटेबखेडे, नळाच्या कनेक्शनला झालेला विलंब, असे सगळेच विषय माझ्याकडे येत. परंतु माफीनामा हा माझा खास प्रांत. 'पश्चात्तापाच्या अग्नीत मी रात्रंदिवस होरपळून निघत आहे' हे वाक्य आमच्या कचेरीच्या परिसरात प्रथम मी रूढ केले. पुढे इतरांनी ते उचलले, इतके की एका साहेबांनी समोर उभ्या असलेल्या निलंबित शिपायाला विचारले, "कुठं कुठं भाजलंय, दाखव बघू." तेव्हापासून त्या वाक्याचा वापर मी स्वतःहून कमी केला.

माफी मागायला येणाऱ्या माणसाकडे मी प्रथम संशयाने पाहतो. जो बसायच्या आधीच रडतो तो घरून सराव करून आलेला असतो. जो अजिबात रडत नाही त्याला दुसऱ्या कोणीतरी पाठवलेले असते. म्हणून मी एकच प्रश्न निरनिराळ्या बाजूंनी विचारतो, आणि उत्तरे जुळली तरच लेखणीचे टोपण काढतो. पुष्कळदा उत्तरे फारच चांगली जुळतात. मग संशय आणखी वाढतो.

ती बाई आली तेव्हा ऊन चढले होते. पदराने मान पुसून ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "रायटरसाहेब, माफीचं पत्र लिवायचं हाय. माझ्या भावाला."

"कशाबद्दल?"

"एक शब्द बोलून बसलो."

"कोणता शब्द?"

"त्यो लिवायचा न्हाई. त्यो सोडून बाकीचं समदं लिवा."

आमच्या भागात बायकाही 'बोललो', 'गेलो' असेच म्हणतात; कागदावर ते मी सुधारून घेतो. पण अशा अटीवर मी आजवर कोणाचे काही लिहिलेले नव्हते. शेजारच्या टायपिस्टाने मशीनवरचे हात थांबवले. त्याला दुसऱ्याच्या गिऱ्हाइकात फार रस असे.

तिच्याकडून हकिगत काढली ती अशी. मुलीचे लग्न ठरले होते, तारीख धरली होती. आमच्याकडे अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तिला भाऊ एकच, आणि तो बाप वारल्यानंतरच्या दहाव्यापासून तिच्या उंबऱ्याला आलेला नव्हता. राखीपौर्णिमेला नाही, भाऊबीजेला नाही. पत्रिका द्यायला नवऱ्याला पाठवले तर भावाने पाणी दिले, चहा दिला, पत्रिका देवापुढे ठेवली, आणि येतो किंवा येत नाही यांतले काहीच बोलला नाही.

"मामा न्हाई आला, तर माझ्या पोरीच्या पाठीशी कोण हुबारणार?" ती म्हणाली. "चुलतमामा हाईत, न्हाई असं न्हाई. पर नवऱ्याकडची माणसं इचारतीलच की, सख्खा कुठं हाय म्हणून. आणि पोरगी काय म्हणंल? तिला मामानंच खांद्यावर फिरवलीया."

मी तिकडे लक्ष दिले नाही. भाऊ, बहीण आणि वारलेला बाप हे तिघे एका हकिगतीत आले की चौथी जमीन असतेच. मी सरळ विचारले, "हक्कसोडपत्रावर सही केली आहे का?"

"न्हाई."

"वाटणीचा दावा?"

"दावा बी न्हाई."

"मग सही का केली नाही?"

"कुणी मागितलीच न्हाई तर कशावर करू?"

हे उत्तर मला फार चतुर वाटले. मी मनाशी ताडले : दोघांपैकी एकजण कागदाची वाट पाहत आहे. बहिणीने 'माझी चूक झाली' असे लिहून दिले की भाऊ तो कागद जपून ठेवील, आणि उद्या वाटणीचा विषय निघाला की म्हणेल, पाहा, हिने स्वतः कबुली दिली आहे. किंवा याच्या उलट, बहीणच भावाकडून उत्तरात काही लिहून घेऊ पाहत आहे. मी तिला बजावले की माफी मागा, पण कबुली देऊ नका. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "ह्ये दोन वायलं असतंय व्हय?"

मग मात्र मी तो शब्द काढूनच घेतला. तो ऐकल्याशिवाय त्याला टाळून लिहिता येणार नव्हते.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला होता आणि कावळा शिवायला तयार नव्हता. भावकी हात जोडून उभी. कोणी म्हणाले, म्हाताऱ्याचा जीव म्हशीत अडकला आहे, नीट सांभाळतो म्हणून कबूल करा. कोणी म्हणाले नातवात, कोणी म्हणाले लेकीत. भाऊ एकेक कबूल करीत गेला. कावळे झाडावर बसून होते. तेव्हा ही सगळ्यांसमोर बोलली, "शिवंल कसा? जितेपणी भाकरी दिली न्हाईस, आता भाताचा गोळा दाखवतोयस."

"मग?" मी विचारले.

"मग शिवला."

"कोण?"

"कावळा वो. लगीच शिवला. माझं त्वांड मिटायच्या आत." तिने पदर तोंडाला लावला. "तितंच वाईट झालं. समद्या भावकीनं त्याच्याकडं बघितलं."

कावळ्याची साक्ष कोणत्याही कोर्टात ग्राह्य नाही. पण नदीकाठावर ती ग्राह्य धरली गेली होती, आणि तिच्यावर अपील नव्हते. मी विचारले, "वडिलांना खरेच उपाशी ठेवले होते का?"

"मला काय ठावं? मी हितं. शेवटाला गेलो तर नुसती हाडं ऱ्हायली हुती. बघून राग आला, बोललो. माझा भाऊ तसला न्हाई." मग ती म्हणाली, "मन खातंय बघा, रायटरसाहेब. तसंच लिवा, मन खातंय म्हणून."

येथून खरी अडचण सुरू झाली. अपराधाची टोचणी सांगायला आपल्या भाषेत जितके शब्द आहेत, त्यांतले निम्मे जेवणाचे आहेत. मन खाते. घास घशाखाली उतरत नाही. अन्न गोड लागत नाही. खाई त्याला खवखवे. मी एकेक कागदाच्या कडेला मांडून पाहिले, आणि एकेक बाद करीत गेलो. ज्या भावाला 'तू बापाला भाकरी दिली नाहीस' असे भावकीसमोर ऐकवले, त्याला 'तेव्हापासून मला घास गिळवत नाही' असे लिहायचे? तो म्हणेल, आक्का पुन्हा भाकरीवरच आली. माफीच्या पत्रात टोमणा दडून बसेल, आणि ज्याला टोमणा लागलेला आहे त्याला तो पहिल्या ओळीतच सापडेल.

उरलेल्यांतही धोका होताच. 'उरावर धोंडा आहे' म्हणावे तर धोंडा कोणी ठेवला हा प्रश्न उभा राहतो. 'चोराच्या मनात चांदणे' म्हणावे तर चोरी कबूल झाली, आणि चोरी म्हटली की जमीन आली. 'जिभेला हाड नसते' हे मला बरे वाटले. त्यात सगळा दोष जिभेवर जातो आणि माणूस मोकळा राहतो. पण ती म्हणाली, "जीभ माझीच की. ती काय शेजारणीकडनं आणलीवती व्हय?"

मी स्वतःच्या बुद्धीने एक नवी उपमा बांधली. आपल्याकडची नवी चप्पल चालताना करकर वाजते. दुसऱ्यांना तो रुबाब वाटतो, पण ज्याला लपून जायचे आहे त्याला प्रत्येक पावलाला आपणच आपली वर्दी देत आहोत असे वाटते. तशी ही टोचणी. मी वाचून दाखवले. ती भर दुःखात हसली. "आमचा भाऊ म्हणंल, आक्कानं नवी चप्पल घितलेली दिसतीया."

टायपिस्ट म्हणाला, "रायटर, माफीनामा लिवतायसा का लावणी?"

त्याला उत्तर देणे मी टाळले. चहा मागवला, तिच्यासाठीही. तिचा तसाच राहिला. अखेरीस मी पुढील वाक्य तयार केले, आणि आजही त्यात मला बदल करावासा वाटत नाही : 'तो शब्द मी त्याच दिवशी तोडून टाकला असे समजत होते, परंतु ऊस तोडून नेल्यावर बुडख्यातून खोडवा फुटावा, तसा तो दर साली माझ्या अंतःकरणात पुन्हा फुटत आहे.' शब्द कोणता, कोणाविषयी, खरा की खोटा, यांतले काहीही कबूल केलेले नव्हते, आणि अपराध मात्र पुरेपूर उतरला होता. उपमेवर दावा लागत नाही. कितीही हुशार वकील झाला तरी खोडव्याला पिंजऱ्यात उभा करू शकत नाही.

तिने सगळे ऐकले, आणि विचारले, "ह्यात मी हाय का पर?"

"खाली सही तुमची आहे."

"सही हाय वो. मी हाय का, त्ये इचारतोय."

या प्रश्नाचाही मला संशय आला. पत्र उद्या अंगावर आले तर 'हे माझे बोलणे नव्हेच' असे म्हणायची ही सोय असावी. मी म्हटले, सही केली की माणूस त्यात येतोच. तिने सही केली. अक्षर शाळकरी, पण एकेक काना सरळ.

त्यानंतर लग्न अगदी तोंडावर आले असताना एक गडी टेबलापुढे येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, पायांत धुळीने भरलेली चप्पल, हातात पिशवी. एसटीतून उतरून सरळ आलेला दिसत होता.

"रायटर कोन हितं?"

"बसा पावणं. काय काम?"

तो बसला नाही. सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पत्र काढून त्याने टेबलावर ठेवले. "आक्षर तुमचं?"

माझे अक्षर मी ओळखले, आणि माणूसही ओळखला. नाक बहिणीचेच होते. जे मी आधीपासून सांगत होतो तेच आता घडणार, असे माझ्या मनात आले. कागद खरा असल्याची शहानिशा करायला भाऊ स्वतः आला आहे. म्हणजे पुढे तो वापरायचा आहे.

"अक्षर माझे असेल," मी म्हणालो. "मजकूर ज्याचा त्याचा असतो."

"ह्यो खोडवा कुनाचा? तुमचा का आक्काचा?"

"तशी माहिती आम्ही देत नाही."

"बरं. त्ये र्‍हाऊ द्या. ह्ये सांगताना ती रडत हुती का?"

हा प्रश्न साधा दिसतो, पण तसा तो नव्हता. रडत होती म्हणावे, तर माफी मनापासूनची ठरते, आणि मनापासूनची माफी ही निम्मी कबुली असते. नव्हती म्हणावे, तर मामा लग्नाला येत नाही. मी म्हणालो, "मी कागदाकडे बघतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे नाही."

"रडत हुती की!" शेजारून टायपिस्ट ओरडला. "च्या गार झाला तिचा, पावणं. शेवटी म्या प्यालो."

तेव्हा तो गडी बसला. त्याने पत्राची घडी तळहाताखाली दाबून धरली. मग माझ्याकडे न बघता बोलू लागला. बापाच्या पोटात बिघाड झाला होता. डॉक्टरांनी तोंडाने काही द्यायचे नाही, दिले तर जाईल, असे सांगून घरी पाठवले होते. म्हातारा दिवसभर भाकरी मागायचा. चुलीवर तवा ठेवला की वासाने उठून बसायचा.

"मग आमी चूल गोठ्यात न्हेली," तो म्हणाला. "म्हशीपल्याड. तितंच भाकऱ्या करायच्या, तितंच खायाच्या, पोरं-बाळं समदी. त्वांड धुवून मग घरात यायचं. त्याला ठावं हुतं. मी आत आलो की माझ्या तोंडाकडं बघायचा."

त्याने बहिणीच्या पत्राकडे बोट केले.

"ती लबाड बोलली असती न्हवं, तर मी कवाच इसरलो असतो. भण हाय, बोलली, झालं. पर ती खरं बोलली वो. तिला ठावं नसताना खरं बोलली. आणि त्यो कावळा." त्याने मान हलवली. "आता ती माफी मागतीया. कशाची? मी ती घिऊ कशी?"

मी विचारले की तुमची मागणी काय. त्याला उत्तराचे पत्र हवे होते. मी त्याला कायदा समजावला : 'आम्ही गोठ्यात लपून जेवलो' असे लिहून दिले, तर नदीकाठच्या त्या आरोपाला तुमच्याच सहीचा पुरावा मिळतो. डॉक्टरांचा सल्ला होता असे लिहिले, तर तो बचाव दिसतो; आणि जो बचाव करतो त्याच्यावर आरोप आहे हे आपोआपच सिद्ध होते.

"मग असं काय तरी लिवा, की त्ये खरं बी नसंल आणि लबाड बी नसंल."

असे लिहिणे हाच माझा धंदा होता. तरी त्या दिवशी मला पुष्कळ वेळ लागला. खाण्याचे शब्द याही बाजूने बंद होते. किंबहुना याच बाजूने ते अधिक बंद होते. आगीचे बंद, कारण चूल. धुण्यापुसण्याचे बंद, कारण तोंड धुणे. एका घरातल्या दोघांना एकाच गोष्टीची टोचणी होती, आणि त्या एका घटनेने भाषेतले सगळे बरे बरे शब्द आधीच अडवून ठेवले होते. शिवाय मला स्वतःचीही शंका येऊ लागली. बहिणीचे पत्र मी लिहिले आणि भावाचेही मीच लिहितो आहे. म्हणजे हे दोघे एकमेकांशी बोलत आहेत की मी एकटाच माझ्याशी?

अखेरीस एवढेच लिहिले : 'त्या दिवसापासून माझ्या घरात मी पाहुण्यासारखा राहतो. आत येताना मला थांबायला होते. तुझ्यावर माझा राग नाही. तू बोललीस म्हणून मला थांबायला होते असेही नाही.' शेवटच्या वाक्याचा अर्थ कोणालाही कशाही प्रकारे लावता येईल अशी मी काळजी घेतली होती.

त्याने दोनदा वाचून घेतले. सही केली. पत्र बहिणीच्या पत्राबरोबर त्याच पिशवीत गुंडाळले, खिशात घातले आणि उठला. पोस्टाची पेटी माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर होती. तो तिच्या बाजूला न जाता स्टँडच्या बाजूला गेला. लग्नाला जाणार का, हे मी विचारले नाही. विचारले असते तरी मी उत्तरावर विश्वास ठेवला नसता.

लग्नाचे आमंत्रण मला होते. बाई स्वतः येऊन टेबलावर पत्रिका ठेवून गेली होती. भावाचे उत्तर आले काय, असे मी सहज विचारल्यासारखे विचारले, तर ती म्हणाली, "कसलं उत्तर?" ती खरे बोलत होती की माझी परीक्षा घेत होती, हे मला आजही सांगता येत नाही.

कार्यालयात मी दाराजवळची खुर्ची धरली, म्हणजे येणारे दिसतात. भाऊ आला. डोक्याला फेटा बांधलेला, बरोबर बायको-मुले. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली, आणि तो भाचीच्या पाठीशी उभा राहिला, मामाने उभे राहावे तसा. बहीण पलीकडे बायकांत होती. तिने एकदाही त्याच्याकडे पाहिले नाही, किंवा मी नेमका ज्या वेळी पाहत नव्हतो त्या वेळी पाहिले असेल. मला दोघांनी ओळख दिली नाही. भाऊ तर माझ्या खुर्चीजवळून कोणी परका जावा तसा गेला.

मग पंगत बसली. भाऊ मधल्या रांगेत होता, मी समोरच्या. वाढायला आचाऱ्याची माणसे होती. नवरीच्या आईने वाढायला येण्याचे काही कारण नव्हते. ती आली. हातात बुंदीचे ताट. रांगेतले सगळे सोडून सरळ भावासमोर वाकली आणि वाढू लागली. पानावर माणूस हात आडवा धरतो, पुरे म्हणतो. ही रीत आहे. त्याने हात धरला नाही. ती वाढत राहिली. पानावर ढीग झाला, बुंदी आमटीत गेली, शेजारचे म्हणाले, "आवो आक्का, बास की, मानूस हाय त्यो!" ती थांबेना, आणि तो 'पुरे' म्हणेना. दोघेही त्या पानाकडेच बघत होते. अखेर कोणीतरी तिच्या हातातून ताट काढून घेतले. तो खाली मान घालून जेवू लागला. पानावर त्याने काही ठेवले नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिले. परंतु पाहिले ते काय, हे मला ठरवता आलेले नाही. ती माफी असेल. शिक्षा असेल. दोघांनी माझ्या माघारी काही ठरवले असेल, किंवा काहीच न ठरवता दोघे तेथवर आले असतील. पुढे एका गिऱ्हाइकाच्या कामासाठी त्या गावचे उतारे काढताना मी त्यांचाही सातबारा पाहून घेतला. बहीण-भावाची दोन्ही नावे जागेवर होती. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही; भांडणाऱ्यांची नावेही तशीच असतात, आणि समेट झालेल्यांचीही.

आता त्या भागात कॉम्प्युटरची दुकाने झाली आहेत. माफीनामा तयार मिळतो, नाव तेवढे भरायचे असते. माझे टेबल अजून आहे. एखादा माफीचे पत्र लिहायला आला की मी विचारतो, काय झाले ते सांगा. तो सांगतो. मग मी त्याच्या डोळ्यांकडे बघतो, आणि खोडवा लिहू की नको, हे मला ठरवता येत नाही.

सबब सामनेवाले उभयतांस नम्रपणे कळवितो की, वरील हकिगत आपल्या वाचनात आल्यास आपण पुढील बाबींचा खुलासा करावा : भावाचे पत्र बहिणीला पोचले काय; गोठ्याची गोष्ट तिला कळली काय; आणि पानावर ते वाढणे चालले असताना दोघांच्या मनात काय होते. खुलासा तोंडी दिला तरी चालेल, टेबलाशी येऊन दिला तरी चालेल, एकट्याने दिला तरी चालेल. एवढा न्याय अर्जदारास मिळावा. उत्तर साध्या शब्दांत असावे. उपमा देऊ नये.